सुधारित जाती काढणारे कृषी विद्यापीठ जुनी रायवळ झाडे कशासाठी जपते?

आपण विचारले आहे, की कोकणातले कृषी विद्यापीठ एकीकडे सुधारित जातींची कलमे शेतकऱ्यांना देते आणि दुसरीकडे परड्यांतल्या (घरामागच्या आवारातल्या), बांधांवरच्या जुन्या रायवळ, म्हणजे बीपासून वाढलेल्या झाडांचे वाण गोळा करून जोपासते, ही विसंगती नव्हे काय. मी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात उद्यानविद्येचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तिथे जे पाहिले त्यावरून सांगतो, की पहिले काम दुसऱ्याच्याच जिवावर चालते.

रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे उदाहरण घ्यावे. या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात आणि बी रुजवून वाढवलेले रोप यांपैकी कोणते, हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात वर्षे कळत नाही. वीस रोपे लावणाऱ्याच्या वाट्याला त्यांतली निम्मी नर यायची आणि इतकी वर्षे पाणी घातलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवायची पाळी यायची. उपाय म्हणजे चांगल्या मादी झाडाची, म्हणजे मातृवृक्षाची काडी घेऊन कलम करणे. पण तेवढ्याने भागत नाही. पहिल्याच वर्षी आमच्या सरांनी रोपवाटिकेत दोन कलमे शेजारी शेजारी ठेवली होती. एकाच मातृवृक्षाची, एकाच दिवशी बांधलेली. एक काठीसारखे सरळ उभे होते, दुसरे पिशवीच्या काठावरून बाहेर लोळत होते. पहिल्याची काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची होती, दुसऱ्याची आडव्या फांदीची, आणि आडव्या फांदीचे कलम पुढेही आडवेच पसरत राहते. हा धडा पुस्तकात एका ओळीत मिळाला असता, पण मला तो आठवतो तो त्या लोळणाऱ्या कलमामुळे.

आता मातृवृक्ष आणायचा कुठून? विद्यापीठाने १९९७ साली प्रसारित केलेली ‘कोकण अमृता’ काय किंवा नंतरची ‘कोकण हातीस’ काय, या जाती निवडीतून आलेल्या आहेत. निवड करायची तर निवडण्याजोगे वैविध्य आधी हवे: कुणाचे फळ मोठे, कुणाची साल जाड, कुणी लवकर पिकणारे. लवकर पिकण्याला कोकणात फार मोल आहे, कारण जूनच्या पावसात सापडलेले रातांबे झाडाखाली कुजतात आणि आमसुले वाळवायला ऊनही उरत नाही. असे झाड कुणाच्या तरी परड्यात कुणीही न लावता उगवलेले असते.

आंब्याची गोष्ट याहून बोलकी आहे. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, म्हणून त्याचे कलमच करावे लागते, आणि थोडेफार फरक सोडले तर हापूसच्या सगळ्या बागा म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या आहेत. त्याचे दोषही मग सगळीकडे तेच: एका वर्षाआड फळ धरणे आणि गरात साका होणे, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होऊन खराब होणे. हे दोष घालवण्यासाठी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नियमित धरणाऱ्या दक्षिणेतल्या नीलमशी हापूसचा संकर केला आणि १९८१ साली ‘रत्ना’ बाहेर पडली. त्या रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून अगदी पातळ कोयीची ‘सिंधू’ निघाली. (गिऱ्हाईक मात्र अजून हापूसच मागते, रत्नाला साका नसतो हे त्याला सांगूनही फारसा फरक पडत नाही.) नीलम कुणी राखला नसता, तर हा संकर कशाशी केला असता? पुढे एखादा नवा रोग आला, किंवा डिसेंबरात थंडी पडेनाशी होऊन मोहोर लांबू लागला, तर लागणारा गुण हापूसमध्ये सापडेलच असे नाही. तो कदाचित एखाद्या आंबट, धाग्याच्या रायवळात असेल. खायला नको वाटणारा आंबाही संग्रहात ठेवतात तो यासाठी.

शिकवण्यावरही याचा परिणाम होतो. पदव्युत्तर प्रबंधाला दोन वर्षे मिळतात आणि आंब्याच्या संकराचा निकाल लागायला दोन दशकेही कमी पडतात. त्यामुळे विद्यार्थी दुसऱ्या कुणीतरी लावलेल्या झाडाची फळे मोजतो, वजन करतो, साखर तपासतो आणि ते आकडे पुढच्यासाठी ठेवून जातो. मी मोजलेली झाडे माझ्या जन्माआधी लावलेली होती. ज्याला स्वतः लावलेल्या पिकाचा निकाल स्वतःच पाहायचा असेल, त्याने भाताकडे वळावे. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात तेही काम चांगले चालते.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मे महिन्यात, रातांबे लालजांभळे झालेले असताना दापोलीला जावे आणि एका ओळीतल्या चार-पाच झाडांचे फळ फोडून चाखावे.