सामना सुटल्यावर जादा मेट्रो का पुरत नाही?

प्रश्न : वडिलांना घेऊन अहमदाबादला सामना पाहायला जायचं ठरतंय. ते सत्तरीचे आहेत. सामना सुटला की स्टेशनच्या दाराशीच माणसं अडवून धरतात म्हणे. त्यापेक्षा दर दोन मिनिटांनी मेट्रो का सोडत नाहीत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जादा गाड्या सोडतात. २०२३ च्या विश्वचषकात मोटेऱ्यात, म्हणजे अहमदाबादच्या स्टेडियमवर, सामना असला की मेट्रो रात्री एकपर्यंत चालायची. एरवी ती दहाच्या सुमारास थांबायची. तरीही गर्दी का तुंबते, ते मुंबईच्या हिशेबाने सांगतो, कारण माझी सगळी नोकरी लोकलच्या कंट्रोलमध्ये झाली. वानखेडेवर तेहतीसेक हजार माणूस मावतं. ते पांगवायला चर्चगेटला चार फलाट आणि बारा-पंधरा डब्यांच्या गाड्या. मोटेऱ्याच्या स्टेडियमची क्षमता १ लाख ३२ हजार, म्हणजे चौपट. आणि मेट्रोची गाडी तीन डब्यांची, म्हणजे बारा डब्यांच्या लोकलच्या पाव! एका गाडीत खच्चून हजारेक माणसं धरा. दर सहा मिनिटांनी गाडी सोडली तरी तासाला दहा हजारच हलणार.

आता तुमची दोन मिनिटं. मोटेरा ते एपीएमसी, म्हणजे या मार्गाचं दक्षिणेकडचं शेवटचं स्टेशन, सुमारे १९ किलोमीटर. जाऊन-येऊन, टोकाला गाडी फिरवून, सव्वा तास तरी जातो. म्हणजे या एका मार्गावरच चाळीसच्या आसपास गाड्या लागतील. पहिल्या टप्प्यासाठी घेतल्या होत्या ३२, त्याही उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन्ही मार्गांना मिळून. शिवाय या मार्गाचा डेपो ग्यासपूरला, मोटेऱ्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. ऐन वेळी ‘काढा एक गाडी’ म्हटलं तरी ती शहर ओलांडून यायची. म्हणून शेवटची षटकं सुरू असतानाच रिकाम्या गाड्या पुढे आणून ठेवाव्या लागतात, आणि सामना कधी संपेल हे वेळापत्रक करणाऱ्याला कुणी सांगू शकत नाही.

माणसं अडवण्याबद्दल मात्र मी ठामपणे त्या कर्मचाऱ्यांच्या बाजूचा आहे. चेंगराचेंगरी बहुधा गाडीत होत नाही, जिन्यावर होते. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलाच्या जिन्यावर २३ माणसं गेली. फलाटावरची पहिली खेप गाडीत चढेपर्यंत दुसरी खाली रस्त्यावरच थांबली पाहिजे. रस्त्यावर माणूस कंटाळतो, पण तिथे बाजूला सरकायला जागा असते. दोरी धरून उभ्या असलेल्या त्या पोरांवर कृपा करून कुणी ओरडू नका.

वडील सोबत आहेत, तर शेवटचा चेंडू पडल्यावर अर्धा तास खुर्चीवरच बसून राहा. पाण्याची बाटली आत नेऊ देतीलच असं नाही, म्हणून आतच पाणी घेऊन ठेवा. सामन्याच्या दिवसांत मोटेऱ्याहून परतीचं ५० रुपयांचं खास कागदी तिकीट निघालं होतं. तसं मिळालं तर जातानाच घ्या, रात्री खिडकीपाशी रांग लावावी लागणार नाही. शेवटच्या गाडीची वेळ त्या सामन्यापुरती जाहीर होते, ती आदल्या दिवशी बघा. आणखी एक, २०२४ पासून ही मेट्रो मोटेऱ्याच्या पुढे गांधीनगरकडे जाते, तेव्हा घाईत समोर आलेल्या गाडीत चढू नका, फलाटावरची पाटी वाचा. कालुपूरला, म्हणजे अहमदाबादच्या मुख्य रेल्वे स्टेशनला, उतरायचं असेल तर ओल्ड हायकोर्टला गाडी बदलावी लागते. तिथे वडिलांना लिफ्टनेच न्या, जिन्याच्या गर्दीत घालू नका.