वर्गमूळांचा गुणाकार करताना आधी सरळ रूप द्यावे का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: √१२ × √१८ सोडवताना आधी गुणाकार करावा की आधी सरळ रूप द्यावे, आणि गुणाकारात दोन वर्गमूळे एका चिन्हाखाली येतात, तर बेरजेत का येत नाहीत.

अ आणि ब ऋण नसतील, तर √अ × √ब = √(अब) हा नियम वर्गमूळाच्या व्याख्येतूनच निघतो. √अ × √ब या राशीचा वर्ग केला की अब मिळतो आणि ती राशी स्वतः ऋण नाही. म्हणून ती अब चे वर्गमूळच असली पाहिजे. सरळ रूप देणे म्हणजे हाच नियम उलट दिशेने वापरणे. √७२ मध्ये ७२ = ३६ × २ असे लिहिले की ६√२ मिळते. कोणी ९ × ८ घेतले तर ३√८ मिळेल; ते चूक नाही, पण अपुरे आहे, कारण ८ मध्ये अजून ४ हा पूर्ण वर्ग दडलेला आहे. सर्वांत मोठा वर्ग चटकन दिसत नसेल तर मूळ अवयव पाडावेत. सारख्या अवयवांच्या प्रत्येक जोडीतून एक अवयव चिन्हाबाहेर येतो.

आपल्या उदाहरणात √२१६ = ६√६ आणि २√३ × ३√२ = ६√६, म्हणजे दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते. तरीही मी आधी सरळ रूप द्यावे असेच आग्रहाने सांगेन. √९८ × √७५ चा सरळ गुणाकार केला तर √७३५० समोर येते आणि त्यातला १२२५ हा वर्ग शोधत बसावे लागते; उलट ७√२ × ५√३ = ३५√६ हे तोंडी होते. कंसांच्या गुणाकारातही हीच शिस्त उपयोगी पडते: (२√३ + √५)(√३ − ४√५) = ६ − ८√१५ + √१५ − २० = −१४ − ७√१५.

बेरजेचा प्रश्न अधिक खोल आहे. √९ + √१६ = ७, पण √२५ = ५; म्हणजे चिन्हे नुसती एकत्र करता येत नाहीत. कारण (√अ + √ब)² = अ + ब + २√(अब), आणि यातले शेवटचे पद विसरून चालत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त करणींच्या (म्हणजे √२ सारख्या, पूर्ण न निघणाऱ्या वर्गमूळांच्या) बेरजेची रीत याच सूत्रावर उभी केली, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. २ आणि ८ या करणींसाठी २ + ८ + २√१६ = १८, म्हणून √२ + √८ = √१८; आपल्या शाळेच्या पद्धतीने √२ + २√२ = ३√२, आणि ते तेच आहे. ३ आणि ७ घेतल्यास मात्र गुणाकार २१ हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून √३ + √७ वेगवेगळेच ठेवावे लागते. दोन करणी सजातीय (म्हणजे बेरजेत एकत्र करता येण्याजोग्या) आहेत की नाहीत, याची ही नेमकी कसोटी आहे.

ऋण संख्यांबाबत सुरुवातीची अट विसरू नये. √(−४) × √(−९) याचे उत्तर संमिश्र संख्यांत (जिथे i म्हणजे √(−१), i² = −१) २i × ३i = −६ येते, √३६ म्हणजे ६ नव्हे. तसेच √(क²) म्हणजे दर वेळी क नसून क चे केवलमूल्य असते; क = −५ असताना ते ५ येते.