सातवीच्या मुलांना ऑनलाइन फसवणुकीपासून जपायला शाळेत काय शिकवावं? की मोबाईलच बंद करावा?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहायला बसलोय.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूपबंद. आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात, लेकरं आज्जीपाशी. घरातला एकुलता स्मार्टफोन आज्जीकडे ठेवतात, कारण रात्री आईचं तोंड त्यातच दिसतं. अशा घरात मोबाईल बंद करा म्हणणाऱ्या मास्तरला गावच कळलं नाही.

मीही तसलाच होतो. ज्याच्या हातात मोबाईल दिसेल त्याचा फोडीन, असं भर परिपाठात बोललो होतो.

सातवीतलं एक पोरगं फ्री फायर मॅक्स हा मोबाईल गेम खेळायचं. गेममधल्या एका 'दादा'नं फुकट डायमंड (गेममधले पैसे) देतो म्हणून नंबर घेतला आणि आलेला सहा आकडी कोड विचारला. पोरानं वाचून दाखवला. तो व्हॉट्सअ‍ॅपचा कोड होता. थोड्याच वेळात व्हॉट्सअ‍ॅप त्याच्याकडे, आणि सगळ्या नातेवाइकांना मेसेज: आज्जी दवाखान्यात आहे, पैसे टाका. ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमानं तीन हजार टाकले आणि वर ते बापाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशात धरले.

पोरगं तीन दिवस गप्प. मी विचारलं तर म्हणालं, "सर, तुम्ही फोडला असता."

मग १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे गेल्या गेल्या लावला असता तर पुढच्या खात्यात थोपवता तरी आले असते. व्हॉट्सअ‍ॅपसाठी त्याच सिमवर नवा कोड मागवला, तो टाकताच चोर बाहेर पडला, पण त्यानं आपला टू-स्टेप पिन, म्हणजे कोडनंतर लागणारा दुसरा आकडा, लावून ठेवलेला. तो माहीत नसला की सात दिवस थांबा. साधा फोन यायचा, तरी आज्जी रोज विचारायची, "तोंड कुठंय रे तिचं?"

आमच्या मुख्याध्यापकांनी त्या पोराला परिपाठात उभं केलं. तिथंच आमचं वाजलं. त्यांचं म्हणणं, धाक नसला की लेकरं बिघडतात. मी म्हणालो, तीन हजार या धाकानंच खाल्ले. ते रिटायर झालेत, पण लग्नात भेटले तरी हाच विषय निघतो आणि मीही सोडत नाही.

आता काय शिकवायचं. 'ओटीपी सांगू नका' त्या पोरालाही पाठ होतं. दादानं ओटीपी मागितलाच नव्हता, 'कोड' मागितला होता. म्हणून पोस्टर राहू द्या, वर्गात आपला मोबाईल काढून खरा एसएमएस दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन लावून दाखवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे कुणाला तरी दहा रुपये पाठवायला सांगून दाखवा. आणि चूक झाली तर आधी सरांकडे यायचं, मार बसणार नाही, हे सांगा. मग खरंच मारू नका.

मुलींच्या फोटोवरून कुणी धमकावत असेल तर ते शाळेत मिटवायचं प्रकरण नाही. चॅट डिलीट करू देऊ नका, १०९८ या चाइल्डलाइनला किंवा पोलिसांना कळवा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात माहीत असून दाबणाराही अडकतो. तो फोटो स्टाफरूममध्ये फिरवू नका, हेही सांगावं लागतं.

बाकी रात्री अकराला गेम खेळणाऱ्याचा मोबाईल घरच्यांनी काढून घ्यावा, याला माझी हरकत नाही. त्या पोराची आज्जी आता तो उशाखाली घेऊन झोपते.