मौन ध्यान आणि संगीतनिर्मिती एकत्र कशी साधावी?

ही जोडी जुनीच आहे. जपानमधले फुके पंथाचे झेन भिक्षू शाकुहाची ही बांबूची बासरी वाजवण्यालाच ध्यान मानत. १८७१ मध्ये सरकारने पंथ बंद केला, वादन टिकलं.

आधी पंधरा-वीस मिनिटं शांत बसा. मग लगेच चाल शोधायला धावू नका. एकच स्वर लावा, तो पूर्ण विरेपर्यंत ऐका, मगच दुसरा. गाणाऱ्यांना श्वासामुळे हे सोपं जातं. तंतुवाद्यावर बोटं सवयीने पळतात. सुरुवातीला रेकॉर्डिंग टाळाच, नाहीतर आपण नकळत ऐकणाऱ्यांसाठी वाजवू लागतो. (ध्यानात सुचलेली चाल विसरेल ही भीती फारशी खरी नाही, चांगली असेल तर ती नंतरही आठवते, निदान मला तरी.) मन फारच अस्वस्थ असेल तर क्रम उलटा: आधी वाजवा, मग बसा.