तारेवरच्या झाडाला नायट्रोजन कोण पुरवतं?

प्रश्न : माझ्याकडे तारेला टांगलेला टिलँडसिया आहे आणि ओंडक्यावर बांधलेलं एक ऑर्किड. माती दोघांनाही नाही. अशा झाडांच्या पानांवर हवेतला नायट्रोजन पकडणारे जिवाणू राहतात असं वाचलं. मग खत बंद करू का? की अ‍ॅझोटोबॅक्टर या नायट्रोजन पकडणाऱ्या जिवाणूचं द्रावण आणून पानांवर फवारू? टिलँडसियाच्या पानांवर पांढरट पूड दिसते, ती पुसली तर जिवाणूही जातील का?

उत्तर : खत बंद करू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

तुम्ही वाचलंत ते खरंच आहे. रुइनेन या डच संशोधिकेने 1956 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं. उष्ण प्रदेशातल्या पानांवर बायजेरिंकिया हे नायट्रोजन पकडणारे जिवाणू नांदतात, असं त्यात होतं. तोवर ही मंडळी मातीतली समजली जात. पुढे मेक्सिकोत, विजेच्या तारांवर गोळे धरून वाढणाऱ्या टिलँडसिया रिकर्व्हाटावर असाच एक जिवाणू, स्यूडोमोनास, सापडला. पावसाळी जंगलांत पानांवर नॉस्टॉक, सायटोनेमा अशा सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे उन्हावर स्वतःचं अन्न करणाऱ्या जिवाणूंचा, हिरवा-काळा थर चढतो, तोही याच कामातला.

पण माझी उभी हयात प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे जिवाणू ‘सापडला’ म्हटलं की लगेच तो झाडाला ‘पोसतो’ असं धरून चालणारी घाई मला खटकते. हे काम चाललंय का, ते तपासायची साधी रीत अशी : पान बंद बाटलीत ठेवायचं आणि आत थोडा अ‍ॅसिटिलीन वायू सोडायचा. नायट्रोजन पकडणारं एन्झाइम, म्हणजे नायट्रोजिनेज, अ‍ॅसिटिलीनचं इथिलीन करतं. इथिलीन मोजलं की एन्झाइम किती जागं आहे ते कळतं. गंमत अशी की पान स्वतःही थोडं इथिलीन सोडतं. म्हणून अ‍ॅसिटिलीन न घातलेली जोडीची बाटली ठेवावी लागते, आणि नवशिके नेमकी तीच विसरतात. एवढं करूनही पकडलेला नायट्रोजन झाडात गेला की जिवाणूच्याच पोटात राहिला, हे कळत नाहीच. त्यासाठी 15 वस्तुमानाचा जड नायट्रोजन वायू देऊन तो झाडाच्या पेशींत उतरतो का, हे पाहावं लागतं.

हा सौदा जिवाणूला फार महाग पडतो. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, निदान 16 रेणू खर्ची पडतात, शिवाय लोह आणि मॉलिब्डेनम लागतं. त्यात ऑक्सिजन लागला की नायट्रोजिनेज निकामी होतं, आणि पान तर दिवसभर ऑक्सिजनच सोडत असतं! नॉस्टॉकने यावर तोड काढली आहे : त्याच्या माळेत अधूनमधून जाड भिंतीच्या खास पेशी असतात. त्या ऑक्सिजन तयार करत नाहीत आणि बाहेरचाही फारसा आत येऊ देत नाहीत. इतक्या कष्टाने मिळवलेलं कोण फुकट वाटेल? जिवाणू मेले, फुटले, किंवा वाळून पुन्हा भिजताना त्यांच्यातून काही पाझरलं, की त्यातलं थोडं झाडाच्या वाट्याला येतं. आणि हे सगळं पान ओलं असेपर्यंतच. सतत धुक्यात असलेल्या पानाला यातून काही मिळत असेल. घरातल्या कोरड्या हवेतल्या तुमच्या टिलँडसियाला नगण्य.

मग निसर्गात या झाडांचं भागतं कसं? पावसाच्या पाण्यातलं नायट्रेट आणि अमोनिया, धूळ, वरच्या फांद्यांवरून ओघळणारं पाणी, कुजका पाचोळा, पक्ष्यांची विष्ठा. डिस्किडिया मेजर या वेलीने तर मुंग्याच ठेवून घेतल्या आहेत. तिच्या पिशवीसारख्या पानांत त्या राहतात आणि केरकचरा तिथेच टाकतात. 1995 मधल्या एका अभ्यासात तिचा 29 टक्के नायट्रोजन या कचऱ्यातून आलेला निघाला. तुमच्या टांगलेल्या झाडाला यातलं काहीच मिळत नाही. तेव्हा वाढीच्या दिवसांत पाण्यात विरघळणारं खत, पाकिटावरच्या प्रमाणाच्या पाव भागाने, महिन्यातून एकदा-दोनदा द्या. खतात किंवा बुरशीनाशकात तांबं नको. टिलँडसियाला ते सोसत नाही.

अ‍ॅझोटोबॅक्टरच्या द्रावणावर पैसे घालवू नका. तो मातीत रमणारा जीव, उघड्या कोरड्या पानावर तग धरणं त्याला कठीण.

आता ती पूड. ती पूड नाहीच, भिंगातून पाहा : एकमेकांना लागून बसलेले चंदेरी खवले दिसतील. कडेच्या पेशी मेलेल्या असतात. पाणी पडलं की खवला फुगून पानावर चपटा बसतो, मधल्या जिवंत पेशी पाणी आत खेचतात आणि पान बघता बघता हिरवं दिसायला लागतं. सुकलं की कडा पुन्हा वर उचलतात आणि चंदेरी रंग परततो. मुळं फक्त आधाराला असतात. पाणी आणि खत दोन्ही या खवल्यांतूनच आत जातं. म्हणून फडकं लावू नका. धूळ बसलीच असेल तर झाड पाण्यात बुडवून काढा, उलटं धरून झटका आणि चार तासांत सुकेल अशा हवेशीर जागी टांगा. ऑर्किडची रुंद, गुळगुळीत पानं मात्र ओल्या कापडाने खुशाल पुसा.