ताप गेला, पण शूची धास्ती राहिली

"रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी दर दहा मिनिटांनी शूला पळतो." मी मुलांच्या मनाशी निगडित काम करते; व्हायरल तापातून उठलेल्या मुलांचे आईवडील हे मला सतत सांगतात. आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "मुद्दाम करत असेल का हो?" म्हणून चिनूबद्दल लिहिते आहे. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

चिनू सहा वर्षांचा. ताप-खोकल्यापाठोपाठ लघवीला जळजळ सुरू झाली, रंग लालसर झाला. अॅडिनोव्हायरससारखे काही विषाणू मूत्राशयाच्या अस्तरालाही सूज आणतात. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. सूज बहुधा आठवड्याभरात आपोआप उतरते. चिनूचीही उतरली. लघवीची तपासणी, कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघणारी चाचणी), सगळं स्वच्छ. पळापळ मात्र थांबेना. दर खेपेला चार थेंब, आणि रात्री गाढ झोप!

ही रात्रीची झोप मला फार बोलकी वाटली. सहा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 200 मिलिलिटर लघवी मावते. चिनूचं मूत्राशय रात्रभर ती व्यवस्थित धरून ठेवत होतं. बिघाड असलाच तर तो जागेपणी होता.

मुलाचा त्रास एकट्या मुलाचा नसतो, घरातल्या नात्यांमध्ये तो वाढतो किंवा विरतो, असं मी मानते. त्यामुळे चिनूइतकंच माझं लक्ष त्याच्या आईबाबांकडे होतं. तो ठोकळे रचण्यात रंगला की आई हळूच विचारायची, "लागली का रे?" की हातातला ठोकळा टाकून हा उठलाच.

पुढच्या एका भेटीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "शू लागली हे तुला कसं कळतं?"

"आई विचारते ना, तेव्हा कळतं."

"आणि आईने विचारलं की काय वाटतं?"

तो बराच वेळ ठोकळ्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "अजून मी बरा झालो नाही. शू साठली तर परत लाल होईल."

इतके दिवस सगळे मूत्राशय तपासत होते. चिनू आईचा चेहरा तपासत होता. काळजीपोटी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नातून त्याला आजार अजून आत आहे अशी बातमी मिळत होती. मुलाला बोलायला भाग पाडलं नाही, त्याच्याजवळ नुसतं थांबलं, की असं काही हाती लागतं. या कामातलं मला सर्वात मोलाचं वाटतं ते हेच.

आईचे डोळे भरून आले. बाबा म्हणाले, "मग आता काहीच विचारायचं नाही?"

"नाही. विचारायचंच नाही."

त्याऐवजी दर दोन-अडीच तासांनी, लागो न लागो, शांतपणे शूला बसायचं. पाय टेकायला पाट, घाई नाही. मध्ये गेला तरी रागवायचं नाही, मोजायचं नाही. पाणी कमी करायचं नाही. दाट लघवीने उलट चुरचुरतं. पोट साफ राहतं ना, ते बघायचं, कारण साठलेली शी मूत्राशयावर दाब देते. वर्गशिक्षिकेलाही सांगून ठेवायचं. चिनूला मी मूत्राशयाचं चित्र काढून दाखवलं, आतली सूज गेली हे त्यानेच हिरव्या खडूने रंगवलं. काही आठवड्यांत खेपा उतरल्या. काही मुलांना महिनेही लागतात, तेवढा धीर धरावा.

मात्र माझ्याकडे येण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं. लघवी अडली, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा आला, पाठ खूप दुखू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. विषाणूसंसर्गानंतर क्वचित मज्जारज्जू आणि नसांनाही सूज येते. खूप तहान, भरपूर लघवी आणि वजनात घट दिसली तर रक्तातली साखर लगेच तपासून घ्या. पुन्हा ताप आला किंवा लघवीत रक्त दिसलं तर आधीच्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका, तपासणी नव्याने करा.