टाइप एकच, मग आकडा का बदलला?

प्रश्न : ग्लीम या प्रोग्रामिंग भाषेतला कोड अर्लांग किंवा जावास्क्रिप्ट या भाषांत कंपाइल (रूपांतरित) करता येतो. माझा कोड अर्लांगवर अचूक चालतो. तोच जावास्क्रिप्टसाठी कंपाइल केला की १८ अंकी ग्राहक क्रमांकांचे शेवटचे अंक बदलतात. टाइप (मूल्याचा प्रकार) दोन्हीकडे ‘इंट’, म्हणजे पूर्णांकच आहे. कंपायलरने चूक का पकडली नाही?

उत्तर : कारण टाइपच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. ‘इंट’ला ‘स्ट्रिंग’ (मजकूर) जोडू न देणं हे टाइपचं काम. तो ‘इंट’ मेमरीत कसा राहतो, हे टार्गेट, म्हणजे कोड ज्या भाषेत कंपाइल होतो ती भाषा, ठरवतं. अर्लांगमध्ये पूर्णांक हवा तेवढा वाढतो. जावास्क्रिप्टचा साधा नंबर मात्र ६४ बिटांचा फ्लोट (दशांश संख्येचा प्रकार) असतो, आणि ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे त्यात प्रत्येक पूर्णांक मावत नाही. ९००७१९९२५४७४०९९२ मध्ये १ मिळवून पाहा, उत्तर तेच राहील.

ग्राहक क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कधी होत नाही, म्हणून तो ‘इंट’ ठेवूच नका. ‘स्ट्रिंग’ गुंडाळणारा स्वतंत्र ओपेक टाइप (आतली रचना बाहेरच्या कोडला न दिसणारा) करा. सर्व्हरनेही जेसनमध्ये (डेटा पाठवण्याच्या मजकुरी स्वरूपात) तो अवतरणचिन्हांत पाठवायला हवा. नाहीतर जेसन वाचतानाच अंक हरवतात, मग वाचलेला डेटा टाइपमध्ये बसवणारा डीकोडर कितीही चोख असला तरी उपयोग नाही.

‘एक्स्टर्नल’ फंक्शन्सही, म्हणजे ग्लीमबाहेर थेट टार्गेटच्या भाषेत लिहिलेली फंक्शन्स, तपासा. तिथे तुम्ही लिहिलेल्या टाइपवर कंपायलर डोळे झाकून विश्वास ठेवतो. आतला जावास्क्रिप्ट कोड तो पाहत नाही. माझ्या मते सर्वांत धोक्याची जागा हीच. चाचण्या दोन्ही टार्गेटवर चालवा. नुसत्या अर्लांगवर हा दोष कधीच दिसणार नाही.